क्लच दाबला की थांबणारा आवाज

कानसेनला दाखवल्याशिवाय त्या भागात कुणी जुनी व्हॅन घेत नसे. कानसेन हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं आणि तिथेच सुखाने पडून होतं. चाळीस वर्षं त्याने गॅरेज चालवलं. इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, आणि आतलं दुखणं कुठे आहे ते बोट ठेवून सांगायचं, ही त्याची ख्याती. त्यावरून हे नाव पडलं. गुडघे गेले तेव्हा गॅरेज बंद केलं, पण गाडी पारखण्याचं काम सुटलं नाही. माणसं त्याला घरून न्यायची, तो गाडी बघायचा, आणि शेवटी 'घे' किंवा 'सोड' एवढा एकच शब्द बोलायचा. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

वय झालं की माणसाची मतं पक्की होतात, तशी त्याचीही झाली होती. पहिलं मत असं की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. बँकेतली मुलगी, औषधाच्या दुकानातला माणूस, बसचा कंडक्टर, बोलण्यावर कर बसल्यासारखे सगळे पुटपुटतात. दुसरं मत, पाखरं संपली. एवढी झाडं तोडल्यावर दुसरं काय होणार. तिसरं मत तो फक्त धंद्यातल्या माणसांना सांगायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या गाड्या बऱ्या यायला लागल्यात. पूर्वी दहा पाहिल्या तर सहा सोडाव्या लागत, आता दहातल्या आठ घेण्यासारख्या निघतात. इंजिनं कशी शांत चालतात. कंपन्यांना उशिरा का होईना अक्कल आली, असं तो म्हणायचा आणि ऐकणारे मान डोलवायचे.

चौथी एक गोष्ट होती, ती मात्र तो कुणालाच सांगत नसे. त्याची बायको त्याच्याशी अबोला धरून मेली होती.

सव्वा वर्ष झालं होतं तिला जाऊन. त्याआधी अकरा महिने ती अंथरुणावर होती. आजारपणाच्या सुरुवातीलाच भांडण झालं. तिला खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवून हवी होती, आणि त्याचं म्हणणं, तिथे वारा लागेल. तो जरा जास्तच ओरडला. त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मग त्याचंही डोकं फिरलं. खाट हलवून दिली होती की, आणखी काय हवं होतं? तू बोलत नाहीस तर मीही बोलणार नाही. औषधं वेळेवर दिली, पाणी तापवलं, पाय चेपले, रात्री उठून चादरी बदलल्या, आणि हे सगळं मूग गिळून केलं. ती त्याच्याकडे बघायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. आपल्यालाच बोल लावत असेल, असं समजून तो तोंड फिरवायचा. संसाराला अडतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनंतर एका खाटेपायी माणसाने एवढा दावा धरावा, हे त्याला काही केल्या पचत नव्हतं. मेलेल्या माणसावर रागावू नये हे त्यालाही कळत होतं, आणि तरी तो रागावलेला होता. सकाळी दात घासतानासुद्धा रागावलेला असे.

त्या शनिवारी त्याची लेक त्याला न्यायला आली. लेक शाळेच्या मुलांची ने-आण करायची; बारा पोरं, सकाळ-संध्याकाळ, टेकडीपलीकडच्या वस्तीपासून शाळेपर्यंत. जुनी व्हॅन अखेर टेकडीच्या उतारावर कायमची बंद पडली होती आणि सोमवारपासून दुसरी नसेल तर शाळा दुसरा माणूस बघणार होती. पेट्रोल पंपामागच्या व्यापाऱ्याकडे एक व्हॅन आली होती. पैसे तिने साठवलेले होते. प्रश्न एवढाच होता, की ही गाडी बारा पोरं घालून तो उतार रोज उतरण्याच्या लायकीची आहे की नाही.

"बाबा, चष्मा घेतलात का?" लेक दारातून म्हणाली. ही हल्ली फारच मोठ्याने बोलायची. ड्रायव्हरी करून करून गळा असा झाला, असं त्याला वाटायचं.

"घेतलाय. ओरडू नकोस. मी काय पलीकडच्या गल्लीत नाही."

ती हसली आणि नेहमीप्रमाणे त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली.

व्यापाऱ्याच्या आवारात वीसेक गाड्या धुऊन-पुसून उभ्या होत्या. धुतलेल्या गाडीवर कानसेनचा विश्वास नव्हता. लग्नाच्या बाजारात चेहऱ्याला पावडर लावून सगळेच येतात, असं तो म्हणायचा. व्हॅन पांढरी होती, सरकत्या दाराची. व्यापारी पुढे होऊन काही सांगू लागला, तर कानसेनने हाताने त्याला थांबवलं आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. म्हणजे सकाळी आधीच चालवून, तापवून ठेवलेली नव्हती. तापलेलं इंजिन सगळी पापं लपवतं. गार इंजिन पहिल्या झटक्यात खरं बोलतं.

"सांगितल्याप्रमाणे हात लावला नाही, उस्ताद," व्यापारी म्हणाला. "तुमच्यापुढे लबाडी करून जायचं कुठे?"

मग कानसेन कामाला लागला, आणि काम करताना त्याला बघणं हा आजही सोहळा होता. ऑइल मोजायची पट्टी काढून त्याने ऑइलचा थेंब चिमटीत चोळला. कचकच लागली नाही. ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. तिथे सायीसारखा पांढरा थर असता तर पाणी आत शिरतंय म्हणायचं, पण तसं काही नव्हतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशातून काढून दारांवरून फिरवलं. डाव्या मागच्या कोपऱ्यात ते चिकटेना.

"इथे पुट्टी भरलीय."

"खांबाला घासली होती, उस्ताद. नुसती पत्र्याची जखम."

कानसेनने वाकून दाराच्या बिजागरीचे बोल्ट पाहिले, त्यांचा रंग उडाला नव्हता. म्हणजे दार उतरवलेलं नव्हतं. व्यापारी खरं बोलत होता. मग पायाखालच्या चटया उचलल्या, पत्र्याला नाक लावून वास घेतला, ओल नव्हती. ब्रेकच्या पॅडलचं रबर अंगठ्याने चाचपलं आणि मीटरवरचा आकडा पाहिला. रबर जेवढं झिजलं होतं तेवढेच किलोमीटर आकडा सांगत होता. टायर चारही सारखे झिजलेले. लेक हाताची घडी घालून बघत होती. आपल्या बापाच्या बोटांना डोळे आहेत, असं ती लहानपणी मैत्रिणींना सांगायची. ते खोटं नव्हतं.

"लाव चालू," तो म्हणाला.

लेक गाडीत बसली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. सायलेन्सरमधून धूर आला आणि विरला. निळाही नाही, काळाही नाही. कानसेनने स्क्रू-ड्रायव्हर काढला. इंजिनावर चार जागी टेकवला, मग गुडघ्यावर बसून खाली गिअरबॉक्सला टेकवला, आणि मूठ डाव्या कानाला लावून डोळे मिटले. हाच त्याचा नामांकित कान. आवारात येणारी-जाणारी दोन माणसं त्याला बघायला थांबली.

"क्लच दाब."

तिने दाबला.

"सोड."

तिने सोडला.

"पुन्हा दाब. सोड." तो मूठ कानाला लावून थोडा वेळ तसाच बसला. मग गुडघ्याला हात देत उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "घड्याळासारखी चाललीय. घे डोळे मिटून."

लेकीने इंजिन बंद केलं. ती खाली उतरली, पण हसली नाही.

"हो बाबा. छानच आहे. आपण संध्याकाळी कळवू त्यांना."

"संध्याकाळी कशाला? सोमवार तोंडावर आलाय."

"तरीपण. जरा विचार करते."

"विचार मी केला की. तू कसला विचार करणार?" त्याला राग आला. परके लोक त्याच्या एका शब्दावर गाड्या उचलून नेतात आणि पोटची पोर विचार करते म्हणते. "माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुझा?"

"तसं नाही हो, बाबा."

व्यापारी मध्ये पडला. त्याला वाद मिटवायचा होता, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.

"असू द्या, उस्ताद. घाई नाही. तुमचा चेला चार वाजता येणार ना बघायला, तोवर मी गाडी जागची हलवत नाही."

"कोण येणार?"

"तुमचा चेला. नेहमीसारखा." व्यापारी कौतुकाने बोलत होता. "सकाळी तुम्ही, दुपारी तो. मी तर सगळ्यांना सांगतो, अशी दुहेरी तपासणी कुठे होत नाही. मागच्या महिन्यातली ती हिरवी गाडी तुम्ही पास केली, आणि त्याने दुपारी येऊन तिचं पुढचं बेअरिंग काढायला लावलं. तुम्ही मोठं मोठं बघायचं, त्याने बारीक बघायचं, असं ठरलंय ना तुमचं?"

कानसेनने लेकीकडे पाहिलं. ती व्यापाऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत गप्प बसा, गप्प बसा असं इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की ते ऐकायला कानाची गरज नव्हती.

चेला म्हणजे त्याच्या हाताखाली सतरा वर्षं घडलेला माणूस. आता स्वतःचं गॅरेज होतं त्याचं, डोक्यावरचे केसही पांढरे व्हायला लागले होते. अजून भेटला की पायाला हात लावायचा. परवाच भेटला होता. काही बोलला नव्हता.

"किती दिवस चाललंय हे?" कानसेनने लेकीला विचारलं.

"बाबा, घरी जाऊन बोलू."

"किती दिवस?"

"वर्ष होऊन गेलं."

वर्षाच्या वर. त्याने मनातल्या मनात गाड्या मोजल्या. चाळीसच्या वर भरल्या. प्रत्येक माणूस त्याला मानाने घरून घेऊन गेला होता, त्याचा शब्द ऐकून मान तुकवली होती, चहा पाजून घरी सोडलं होतं, आणि मग फोन लावून चेल्याला बोलावलं होतं. अख्ख्या गावाची अळीमिळी गुपचिळी. त्याला शरमेने कुठे बघावं कळेना. गावच्या जत्रेत एखाद्या म्हाताऱ्याला पाटावर बसवून ठेवतात तसं हे सगळ्यांनी त्याला बसवून ठेवलं होतं.

"गाडी चालू करा," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "तुम्ही बसा आत. आणि तू इथे ये."

"नको ना, बाबा."

"बारा पोरं बसणार आहेत यात. इथे ये आणि काय ऐकू येतं ते सांग."

व्यापाऱ्याने इंजिन लावलं. लेक बापाशेजारी उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने सांगितलं. "बारीक आवाज येतोय. शिट्टीसारखा. मध्येच चिरकतो."

"क्लच दाबा," तो आत बघून ओरडला.

"थांबला," ती म्हणाली.

"सोडा."

"आला परत."

"दाबा."

"थांबला, बाबा."

त्याने गिअरबॉक्सवर हात ठेवला, मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवून डावा कान लावला, मग उजवा. इंजिनाची घरघर होती, तेवढीच. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या त्या दोन बघ्यांनाही आवाज येत असावा. व्यापाऱ्याने क्लच सोडला की त्यांच्यातला एक तोंड वाकडं करत होता. बघ्यांना येत होता, लेकीला येत होता, व्यापाऱ्याला येत होता. कानसेनला येत नव्हता.

"बंद करा." तो व्हॅनच्या सरकत्या दाराच्या पायरीवर बसला. "गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय. दोन-तीन महिने काढेल. मग एखाद्या दिवशी उतारावर गिअरबॉक्स जाम होईल."

"मला वाटलं तुम्ही ऐकून सोडून दिलंत," व्यापारी हळूच म्हणाला. आता त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चहा सांगतो असं काहीतरी पुटपुटत तो तिथून सटकला. त्याच्यामागून ते दोन बघेही गेले.

लेक बापाच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"तो बारीक आवाजच फक्त, बाबा. बाकी सगळं येतं तुम्हाला ऐकू. वयाने होतं. चेला म्हणतो, आयुष्यभर हातोड्याच्या आवाजात राहिलेल्या माणसांना होतंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

तो ऐकत नव्हता. बारीक आवाज, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याने मनात एकेक आवाज काढून बघितला, जसा तो इंजिनाचा एकेक भाग काढून बघायचा. किटलीची शिट्टी. किती दिवसांत ऐकली नव्हती. किटली बिघडलीय म्हणून टाकून दिली होती त्याने. दारावरची घंटा. पाखरं. म्हणजे पाखरं होती तर. बँकेतली ती मुलगी बिचारी नीटच बोलत असणार. आणखी काय बारीक होतं? घरात आणखी कुणाचा आवाज बारीक होता?

लेकीने त्याचा खांदा हलवला. "बाबा, चला. घरी जाऊ."

"तुझी आई," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "ती बोलत होती का गं?"

 लेकीने त्याचा हात धरला, आणि त्याला कळलं.

"केव्हापर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्याने हात सोडवून घेतला नाही. समोर एका गाडीच्या टपावरून पाणी ओघळत होतं, तिकडे तो बघत राहिला.

लेक आता सगळंच सांगू लागली. वर्षभर दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. "मला तेव्हा माहीत नव्हतं, बाबा. मी रविवारी यायचे, तर आई म्हणायची, करतात सगळं, पण माझ्याशी बोलत नाहीत. हाक मारली तरी ओ देत नाहीत. खाटेवरून मी हट्ट केला, तो राग धरलाय त्यांनी, म्हणायची. मला तुमचा एवढा राग आला होता. तुम्हाला आठवतं, मी पण बोलत नव्हते तुमच्याशी? आई गेल्यावर दोन महिन्यांनी चेला घरी आला आणि तुमच्या कानाचं म्हणाला. मी त्याच्यासमोरच खाली बसले. त्याला तरी घरातलं काय माहीत असणार? मग मीच त्याला सांगितलं, बाबांना कळू देऊ नका. गाड्या मागाहून तुम्ही बघत जा, मी पाया पडते, पण बाबांना कळू देऊ नका. कानाचं कळलं तर हेही कळेल."

सगळ्या गावाने त्याच्यावर घातलेलं पांघरूण यासाठी होतं. अब्रूसाठी नव्हतंच ते.

"तिला वाटलं मी अबोला धरलाय," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला वाटलं तिने."

"हो, बाबा."

त्याला ते पुटपुटणारे ओठ आठवले. पाणी देताना, उशी नीट करताना, पाय चेपताना. त्याच्याकडे बघत ती बोलत असायची आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. ती आजारी आवाजात, उरलेल्या ताकदीने बोलत असणार, आणि हा तिचाच नवरा समोर बसून ऐकूनही न ऐकल्यासारखं करतोय असं तिला दिसत असणार. एकदा तिने त्याची बाही धरली होती. त्याने ती सोडवून घेतली होती. फार जोराने नाही, पण सोडवून घेतली होती. ते आठवल्यावर त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तोही त्याला नीट ऐकू आला नाही. लेकीने त्याला मिठी मारली तेव्हा समजलं की आपण रडतोय.

व्यापारी चहा घेऊन आला आणि दोघांकडे बघून तसाच उभा राहिला. कानसेनने रुमालाने तोंड पुसलं.

"ही गाडी सोडतोय आम्ही," तो म्हणाला. "बेअरिंग बदलून घ्या, मग चेल्याला बोलवा. तो म्हणेल ते खरं. आणि यापुढे मला कुणी विचारलं तर सांगा, आता तो गाड्या बघत नाही."

"उस्ताद, तुमची नजर, तुमचा हात..."

"सांगा तसं."

दोघं चालत बसथांब्याकडे निघाली. शनिवारचा बाजार होता. रस्त्यावर हातगाड्या, सायकली, सामान घेऊन चाललेली माणसं. लेक त्याच्या उजव्या बाजूला होती. ही नेहमी याच बाजूला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे, का चालते, तेही आता त्याला कळलं होतं. थोडं चालल्यावर तो थांबला.

"काय बोलायची ती?"

"साधंच, बाबा. खिडकी लावा. जेवलात का. पाणी द्या."

"काय?"

"खिडकी लावा, जेवलात का, असलंच!" तिला ओरडावं लागलं. फळवाल्याने मान वर करून पाहिलं. एका बाईने मुलाचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. आईचं बोलणं भर रस्त्यात असं ओरडून सांगितल्यावर लेकीने तोंड फिरवलं.

"आणि शेवटच्या दिवशी?"

"राहू द्या ना."

"शेवटच्या दिवशी तू होतीस. मी खाटेशी बसलो होतो."

लेकीने खाली बघितलं. मग त्याच्या समोर येऊन उभी राहिली, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. "मी स्वयंपाकघरात होते. तिने तुम्हाला दोनदा हाक मारली. मी आतून ऐकली. मला वाटलं, तुम्ही जवळच आहात, बघाल. मी हातातलं काम पुरं करून आले, तर..."

"काय हवं होतं तिला?"

"माहीत नाही, बाबा. ते कुणालाच माहीत नाही."

 माणसं त्यांना वळसा घालून जात होती. अडतीस वर्षांत तिने कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिची हाक एकच होती, दोन अक्षरांची, शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती हाक ऐकून तो गाडीखालून डोकं आपटत बाहेर यायचा.

"कशी मारली हाक? तशीच मार. ओरडू नकोस. तिने मारली तशी."

"बाबा..."

"एकदाच."

लेकीने डोळे पुसले. आईचा आवाज तिला हुबेहूब काढता येत होता; फोनवर माणसं दोघींमध्ये नेहमी चुकायची. तिने आईसारखा, आजारी माणसासारखा बारीक आवाज काढून हाक मारली.

"अहो."

त्याने तिचे ओठ हलताना पाहिले. ते ओठ त्याने अकरा महिने रोज हलताना पाहिले होते. बाकी त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि मान तिरकी करून कान तिच्या तोंडाजवळ नेला.